पिशवी काढण्याआधी नेमकं काय खाली आलंय ते मोजून घ्या

पत्राचा सारांश: सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून ५६ वर्षांच्या बाईंनी लिहिलंय. तीन बाळंतपणं, तिन्ही नॉर्मल, पहिल्या खेपेला चिमटा लावावा लागला होता. पाळी जाऊन सहा वर्षं झाली. चार वर्षांपासून अंग बाहेर येतंय, म्हणजे योनीमार्गातून आतला भाग खाली उतरतोय. सकाळी बरं असतं, पण संध्याकाळपर्यंत आंघोळीच्या वेळी हाताला लिंबाएवढा गोळा लागतो आणि कंबर भरून येते. पूर्वी खोकताना, शिंकताना लघवी व्हायची, ते आता थांबलंय. मात्र लघवीला बसल्यावर बराच वेळ जोर करावा लागतो, कधी बोटाने गोळा आत ढकलल्यावरच धार लागते. रात्री तीनदा उठावं लागतं, म्हणून त्या पाणी कमी पितात आणि एसटीचा प्रवास टाळतात. रक्तदाबाची गोळी चालू आहे. तालुक्याच्या डॉक्टरांचं म्हणणं, 'वय झालंय, पिशवी काढून टाका, प्रश्न मिटेल.' जावेची पिशवी आठ वर्षांपूर्वी अशीच काढली आणि तिला आता पुन्हा तेच होतंय. मुलीने पुण्यातल्या युरोगायनॅकॉलॉजिस्टचं (अशाच दुखण्यांच्या खास डॉक्टरांचं) नाव काढलंय, पण ते पुरुष आहेत. यजमान म्हणतात, एवढ्यासाठी पुणं कशाला. वैशाखात मुलाचं लग्न आहे. बाईंचे प्रश्न असे: वेगळा डॉक्टर खरंच लागतो का, ऑपरेशन टाळता येईल का, की लग्नाआधी उरकून घ्यावं?

उत्तर:

ताई, पत्राच्या मध्येच तुम्ही एक वाक्य लिहून गेलात, तिथूनच सुरुवात करू या. 'लघवी गळायचं आपोआप बरं झालं, तेवढं तरी देवाने ऐकलं,' असं तुम्ही म्हणता. आम्हाला ते बरं झाल्याचं लक्षण वाटत नाही. योनीमार्गाची पुढची भिंत खाली सरकली की तिला चिकटलेली लघवीची पिशवीही खाली येते आणि मूत्रनलिकेला मुरड पडते. मुरड पडली की खोकताना लघवी सुटत नाही, पण बसल्यावरही सुटत नाही. जोर करावा लागणं, गोळा बोटाने आत ढकलल्यावर धार लागणं, ही दोन्ही त्याचीच खूण. म्हणजे गळती गेली कारण दुखणं एक पायरी पुढे गेलं.

हे आधी सांगायचं कारण असं की यावर दोन गोष्टी अवलंबून आहेत. पहिली, लघवी करून उठल्यावरही आत बरीच शिल्लक राहत असेल. शिल्लक राहिली की जंतू वाढतात, पुन्हा पुन्हा जळजळ होते, आणि फार दिवस तसंच चाललं तर मूत्रपिंडावर उलटा दाब येऊ शकतो. हे तपासायला साधी सोनोग्राफी पुरते: आधी भरल्या पिशवीने, मग लघवी करून आल्यावर लगेच. मागे ५० मिलिलिटरच्या आत राहिली तर उत्तम, २०० च्या वर राहत असेल तर उपचार लांबवू नये. दुसरी गोष्ट ऑपरेशनच्या वेळची. खाली आलेला भाग वर टाकला की मुरड सुटते आणि दडलेली गळती पुन्हा सुरू होऊ शकते. मग बाई म्हणते, ऑपरेशनने बिघडलं. बिघडलेलं नसतं, आधी बघितलेलं नसतं. भरल्या पिशवीने, गोळा आत धरून ठेवून खोकायला लावलं की ही दडलेली गळती बहुधा दोन मिनिटांत कळते. ऑपरेशन सुचवणाऱ्या डॉक्टरांनी ही चाचणी केली होती का, हे आठवून पाहा.

आता पिशवीचं, म्हणजे गर्भाशयाचं. गर्भाशय खाली येतं ते त्याच्यात काही बिघाड झाला म्हणून नव्हे. माकडहाडापासून पुढे जांघेच्या मधल्या हाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते. लघवीची पिशवी, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर विसावलेले असतात, आणि वरून काही बंध त्यांना ओढून धरतात. बाळंतपणात, त्यातही चिमटा लावलेल्या बाळंतपणात, झोळीचे स्नायू हाडापासून सुटू शकतात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी होऊन उरलेला आधार पातळ होतो. त्यात वर्षानुवर्षांचा खोकला, कुंथणं, पाण्याचे हंडे. आधार सैल झाला की वरचं खाली येणारच. अशा वेळी नुसतं गर्भाशय काढलं आणि योनीमार्गाचं वरचं टोक पक्क्या जागी बांधलं नाही, तर काही वर्षांनी ते टोकच खाली येतं. तुमच्या जाऊबाईंचं बहुधा हेच झालंय. १९९७ साली अमेरिकेतल्या ओरेगॉनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अंग बाहेर येणं आणि लघवी गळणं यासाठी ऑपरेशन झालेल्या बायकांपैकी २९ टक्के बायकांची ती पहिली खेप नव्हती. तेव्हापासून तंत्र सुधारलंय, तरी 'प्रश्न मिटेल' हे वाक्य कुणी छातीठोकपणे म्हणालं तर जरा थांबावं.

तुमचे तालुक्याचे डॉक्टर वाईट हेतूने बोलले असं मुळीच नाही. ५६ व्या वर्षी, अंग बाहेर येत असताना, योनीमार्गे गर्भाशय काढून भिंती शिवणं हा आपल्याकडचा जुना, रुळलेला उपाय आहे आणि कित्येकींना त्याने आराम पडतो. आमची हरकत क्रमाला आहे. आधी मोजमाप, मग निर्णय. शिवाय महाराष्ट्रात पिशवी काढण्याचा सल्ला जरा सढळ हाताने दिला जातो, हे नवं नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला होता आणि त्यावर चौकशी समिती नेमावी लागली होती. तेव्हा दुसरं मत घेण्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

वेगळा डॉक्टर लागतोच का? प्रत्येकीला लागत नाही. फक्त खोकताना चार थेंब जातात, अंग बाहेर येत नाही, अशी बाई चांगल्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे किंवा पेल्विक फ्लोअरचं, म्हणजे याच झोळीचं, काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे गेली तरी भागतं. पण तुमच्याकडे तीन गोष्टी एकत्र आहेत: अंग बाहेर येणं, लघवी अडणं आणि दडलेल्या गळतीची शंका. जाऊबाईंसारख्या एकदा ऑपरेशन झालेल्या, बाळंतपणानंतर किंवा ऑपरेशननंतर सतत ओलं राहणाऱ्या, किंवा ज्यांना शौचही आवरत नाही अशा बायकांनीही थेट युरोगायनॅकॉलॉजिस्टच गाठावा. हे डॉक्टर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ असतात आणि नंतर ओटीपोटाच्या तळाच्या दुखण्यांचं वेगळं प्रशिक्षण, बहुधा फेलोशिप, घेतात. पाटीवर शब्द असला म्हणजे झालं असं नाही. फोनवर तीन गोष्टी विचारा: तुमच्याकडे रिंग (खाली आलेला भाग आतून वर धरणारी, तिच्याबद्दल पुढे लिहिलंय) बसवून मिळते का, फिजिओथेरपिस्ट जोडलेले आहेत का, लघवीची युरोडायनॅमिक तपासणी (पिशवीतला दाब आणि लघवीची धार मोजणारी) स्वतः करता की बाहेर पाठवता. ज्या दवाखान्यात एकच ऑपरेशन होतं तिथे प्रत्येकीला तेच ऑपरेशन लागतं, एवढं लक्षात ठेवा.

डॉक्टर पुरुष आहेत म्हणून अडू नका. तपासताना खोलीत नर्स किंवा दुसरी बाई हवी, असं आधीच सांगा. मुलीलाही आत घेता येतं. लाज वाटते हे खरं, आणि ती तुम्हा एकट्यांची नाही. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली होती. १९८९ मध्ये ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. त्यात ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघालं, आणि त्याआधी कधी तरी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. डॉक्टरांसमोर तुमची ही तक्रार दिवसातून अनेकदा येते. खरं तर त्यांना अडचण होते ती अर्धवट सांगणाऱ्या बाईची. बोटाने ढकलावं लागतं हे तुम्ही आम्हाला लिहिलंत, पण तालुक्याच्या डॉक्टरांना सांगितलं होतंत का?

पुण्याची एक खेप वाया जाऊ नये म्हणून घरी थोडी तयारी करा. सगळ्यात उपयोगी म्हणजे तीन दिवसांची लघवीची नोंद. स्वयंपाकघरातला ५०० मिलिलिटरचा खुणांचा प्लास्टिकचा मग याच कामासाठी वेगळा काढा. वहीत लिहा: किती वाजता, किती प्यायलात (चहासुद्धा), किती लघवी झाली, गळली का, आणि तेव्हा काय करत होतात. झोपायची आणि उठायची वेळही लिहा. तीन दिवस सलग नसले तरी चालतात, पण त्यातला एक दिवस घरच्या नेहमीच्या कामाचा हवा. या वहीतून कळणाऱ्या गोष्टी कुठल्याच मशीनमधून कळत नाहीत. समजा चोवीस तासांत १५०० मिलिलिटर झाली आणि त्यातली ७०० रात्री झोपल्यानंतरची निघाली. रात्रीचा वाटा एकतृतीयांशाहून जास्त असेल, तर तीनदा उठण्याचं कारण लघवीची पिशवी नसून साखर, पायांवरची सूज, हृदय किंवा रात्रीचं उशिरा पाणी पिणं असू शकतं. उलट प्रत्येक वेळी जेमतेम १०० मिलिलिटर होत असेल, तर पिशवी नीट रिकामी होत नाही किंवा तिला उगाच घाई होते. सुदृढ पिशवीत ३०० ते ५०० मिलिलिटर सहज मावते.

पाणी कमी पिणं मात्र आजपासून थांबवा. घट्ट, पिवळीधमक लघवी पिशवीला बोचते आणि घाई वाढवते, शिवाय मलावरोध होतो आणि कुंथल्याने अंग आणखी खाली येतं. दिवसभरात दीड ते दोन लिटर प्या, त्यातलं बरंचसं संध्याकाळी सहाच्या आत. चहा दोन कपांवर आणा.

सोबत न्यायचं: रक्तदाबाच्या गोळीचं पाकीट, जुन्या सोनोग्राफ्या, उपवासाची आणि जेवणानंतरची रक्तातली साखर, लघवीची रुटीन आणि कल्चर (जंतूंची) तपासणी. गोळीचं पाकीट आम्ही मुद्दाम म्हणतोय. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या जातीच्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. लघवी जास्त होण्याच्या गोळ्यांचा त्रास वेगळाच, आणि प्राझोसिनसारख्या गोळ्यांनी मूत्रनलिकेचं तोंड सैल पडतं. गोळी मनाने बंद करू नका, बदलता येते का एवढंच विचारा. आणि वेळ दुपारनंतरची मागा. सकाळी झोपून उठल्यावर सगळं वर गेलेलं असतं, दहा वाजता तपासलं तर डॉक्टरांना निम्मंच दिसतं. शेवटची लघवी दोन तास आधी करा आणि भरल्या पिशवीने आत जा.

तपासणीत काय होतं? पाय वर करून झोपवतात, एक चमच्यासारखं साधन घालून पुढची आणि मागची भिंत वेगवेगळी बघतात, कुंथायला आणि खोकायला सांगतात. 'जोर करा' म्हटलं की लाजून अर्धा जोर करू नका, त्याने माप चुकतं. घरी येतो तेवढा गोळा तिथे आला नाही तर तसं सांगा, उभं राहून पुन्हा तपासतात. मोजमाप योनीच्या तोंडाशी असलेल्या पडद्याच्या कडेपासून सेंटिमीटरमध्ये घेतात. सगळ्यात खालचा भाग त्या कडेच्या एक सेंटिमीटरहून जास्त आत असेल तर पहिली पायरी, कडेच्या आतबाहेर एक सेंटिमीटरमध्ये असेल तर दुसरी, त्याहून जास्त बाहेर असेल तर तिसरी, आणि संपूर्ण उलटून बाहेर आलं तर चौथी. पुढची भिंत, वरचं टोक आणि मागची भिंत, तिन्हींची मापं कागदावर लिहून मागा. वर्षभराने वाढलंय की तेवढंच आहे, हे मग आठवणीवर ठरवावं लागत नाही. शेवटी एक बोट आत ठेवून स्नायू आवळायला सांगतात, म्हणजे ताकद किती उरलीय ते कळतं.

या शेवटच्या तपासणीवरच व्यायामाचं सगळं अवलंबून आहे. कीगलचा, म्हणजे झोळीचे स्नायू आवळण्याचा, व्यायाम करते असं म्हणणाऱ्या पुष्कळ बायका प्रत्यक्षात खाली जोर देत असतात, म्हणजे नेमकं उलटं. पद्धत अशी: खुर्चीत पाय टेकवून बसा. वात सुटू नये म्हणून गुदद्वार आवळतो तसं आवळा आणि ते आवळणं पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणून आत, वर ओढा. श्वास चालू हवा, पोट, मांड्या, कुल्ले सैल हवेत. सुरुवातीला तीन-चार सेकंद धरा, तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडा, हळूहळू दहा सेकंदांवर जा. अशी आठ ते दहा आवर्तनं, त्यानंतर दहा झटपट आवळणं-सोडणं. हे दिवसातून तीनदा, निदान तीन ते चार महिने. त्याआधी फरक पडला नाही म्हणून सोडू नका, स्नायूंना वेळ लागतो. लघवीची धार मध्येच तोडून व्यायाम करू नका, तुमच्यासारख्या लघवी शिल्लक राहणाऱ्या बाईने तर नाहीच. बरोबर जमतंय का बघायचं असेल तर मांडीखाली छोटा आरसा धरा: आवळल्यावर योनी आणि गुदद्वाराच्या मधली जागा आत ओढली गेली पाहिजे, फुगून बाहेर येता कामा नये. अश्विनी मुद्रा किंवा मूलबंध येत असेल तर काम सोपं जातं. पण अंग बाहेर येत असताना जोरकस कपालभाती आणि पोटावर ताण येणारी आसनं बंद ठेवा.

व्यायामाने काय साधेल तेही सरळ सांगतो. पहिल्या-दुसऱ्या पायरीला त्याने जडपणा आणि गळती चांगली कमी होते. शिंक येतेय असं वाटताच आधी आवळून धरायची सवय लागली तर बऱ्याच जणींचे थेंब तिथेच थांबतात. पण तुमच्या वर्णनावरून माप तिसऱ्या पायरीकडे जाणारं दिसतं, आणि तिथून गोळा परत आत नेऊन ठेवणं व्यायामाच्या आवाक्यात नाही. तरीही तो करा, कारण पुढे रिंग बसवा नाहीतर ऑपरेशन करा, खालची झोळी तुमचीच आहे.

रिंगचं नाव तुमच्या पत्रात कुठेच नाही, म्हणजे बहुधा कुणी सांगितलीच नाही. याला पेसरी म्हणतात. सिलिकॉनची, लवचीक, आतून माप घेऊन बसवायची. भूल नाही, टाके नाहीत. योग्य माप बसलं की ती आहे हे जाणवतच नाही. बसवल्यावर लगेच घरी जाऊ नका. दवाखान्यातच चाला, खोका, उकिडवं बसा, जिने चढा आणि मुख्य म्हणजे लघवी करून दाखवा. लहान झाली तर कुंथताना निसटते, मोठी झाली तर दुखते किंवा लघवी अडते. पहिल्याच खेपेत माप जमलं नाही म्हणून 'मला रिंग चालत नाही' असं ठरवू नका, दुसरं-तिसरं माप लागणं नेहमीचंच आहे. साधी गोल रिंग स्वतः काढायला आणि घालायला शिकता येते: आठवड्यातून एकदा रात्री काढायची, साबणपाण्याने धुवायची, सकाळी घालायची. ती असताना नवरा-बायकोच्या संबंधांनाही अडचण नसते. देठ असलेली गेलहॉर्न प्रकारची मात्र त्यासाठी काढावी लागते. ज्यांना स्वतः जमत नाही त्यांनी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, साधारण तीन ते सहा महिन्यांनी, काढून आतली त्वचा तपासून घ्यायची. थोडा पांढरा स्राव वाढतो. रक्त, दुर्गंधी किंवा दुखणं मात्र चालवून घ्यायचं नाही. पाळी गेलेल्या बाईला सोबत इस्ट्रिऑलचं (इस्ट्रोजेनच्याच जातीचं) मलम आत लावायला देतात, पहिले दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

आणि ऑपरेशन? ते करावं लागलं तर 'पिशवी काढणार' एवढ्यावर सही करू नका. विचारा, वरचं टोक कशाला बांधणार? योनीचं टोक माकडहाडाजवळच्या मजबूत बंधाला टाके घालून अडकवतात, त्यात काही आठवडे एका कुल्ल्यात दुखू शकतं. किंवा दुर्बिणीतून पोटाच्या बाजूने जाळीची पट्टी लावून माकडहाडाच्या वरच्या हाडाला टांगतात. गर्भाशय ठेवूनही आधार देता येतो, मात्र पाळी गेल्यानंतर कधी रक्त गेलेलं नसावं आणि सोनोग्राफी व पॅप (गर्भाशयाच्या तोंडाची) तपासणी स्वच्छ हवी. गर्भाशय राखून ते वर उचलायची आपली परंपराही जुनी आहे. मुंबईच्या शिरोडकर आणि पुरंदरे यांच्या नावाची ऑपरेशनं वैद्यकीय पुस्तकांत आजही शिकवली जातात, ती मुख्यतः तरुण बायकांसाठी. दुसरं विचारा, जाळी वापरणार का आणि कुठून? अंग बाहेर येण्यासाठी योनीमार्गातून बसवायच्या जाळीची विक्री अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) एप्रिल २०१९ मध्ये थांबवायला लावली. जाळी त्वचेतून वर येणं, संबंधाच्या वेळी दुखणं अशा तक्रारींमुळे हे झालं. पोटाच्या बाजूने लावायची जाळी आणि गळतीसाठी मूत्रनलिकेखाली लावायची अरुंद पट्टी हे वेगळे विषय आहेत, तिन्हींची गल्लत करू नका. तिसरं, दडलेली गळती निघाली तर त्यावरचा उपाय याच वेळी करणार की सहा महिने वाट बघणार? दोन्ही पद्धती मान्य आहेत, फक्त आधी बोलणं झालेलं हवं. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन त्या रुग्णालयात बसतं का, ते तिथल्या आरोग्यमित्राला शिधापत्रिका दाखवून विचारा. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही ही ऑपरेशनं होतात, तिथे रांग लागते एवढंच.

यजमानांच्या 'एवढ्यासाठी पुणं कशाला' याचं उत्तर त्यांना सोनोग्राफीचा आकडा दाखवूनच द्या. त्यांच्याकडून एक मदतही हवी: भरलेला घरगुती सिलिंडर सुमारे ३० किलोचा असतो आणि पाण्याचा हंडा पंधराचा. हे यापुढे त्यांनी उचलायचं. तुम्हाला काही उचलावंच लागलं तर अर्धं भरा, अंगाजवळ धरा, आधी आवळा आणि श्वास सोडत उचला. शौचाला कुंथावं लागत असेल तर रात्री दोन चमचे इसबगोल पेलाभर पाण्यात घ्या आणि वर आणखी पेलाभर पाणी प्या. कमोड असेल तर पायांखाली पाट ठेवा. ओढून लंगोट बांधणं, तुरटीच्या पाण्याने आत धुणं, असलं काही करू नका. पातळ झालेली त्वचा त्याने फाटते.

वाट न बघता दवाखाना गाठायचा तो लघवी पूर्ण अडली तर, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर, लघवीतून रक्त गेलं तर, बाहेर आलेल्या भागावर जखम झाली किंवा तो आत जाईनासा झाला तर, आणि थंडी-तापासोबत कुशीत दुखलं तर. तुम्ही भीतीने विचारलंय म्हणून सांगतो, अंग बाहेर येण्याचा कर्करोग होत नाही.

राहिलं लग्न. ऑपरेशननंतर सहा आठवडे पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, फार वेळ उभं राहायचं नाही, आणि शेतातलं जड काम साधारण तीन महिने बंद. लग्नघरात हे वरमाईला कुणी पाळू देणार नाही. तेव्हा लग्नाच्या तोंडावर उरकून घेण्याचा विचार सोडा. या पंधरवड्यात तपासून घ्या, लघवी किती शिल्लक राहते ते बघा. मूत्रपिंडावर परिणाम झालेला नसेल आणि रिंग बसल्यावर लघवी मोकळी होत असेल, तर रिंगवर लग्न पार पडेल आणि पावसाळ्यात शांतपणे ऑपरेशनचं ठरवता येईल. रिंगनेच इतकं बरं वाटलं की ऑपरेशन नको, असंही होतं, आणि तसं वर्षानुवर्षं चालतं. रिंगनेही लघवी अडतच राहिली तर मात्र ऑपरेशन लग्नाआधी की नंतर हे तारखेवर नाही, शिल्लक लघवीच्या आकड्यावर ठरेल. रिंग बसवली तर पुढच्या तपासणीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि मुलीलाही सांगून ठेवा. रिंगचे गंभीर त्रास बहुतेक तिला विसरून गेलेल्यांना होतात. वर्षानुवर्षं आत राहिलेली रिंग भिंतीत रुतते आणि मग ती काढायलाच ऑपरेशन लागतं. जाऊबाईंनाही त्याच दिवशी सोबत न्या आणि त्यांच्या जुन्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड घरून शोधून घ्यायला सांगा. त्यांचं टोक तेव्हा कशाला बांधलं होतं, बांधलं होतं की नाही, हे त्यातच सापडेल.